घरी बांधलेल्या व्हॉल्व्ह गिटार अँपमधला निगेटिव्ह फीडबॅक: बिघाड शोधायचा कसा

अँप पहिल्यांदा सुरू केला, व्हॉल्व्ह (व्हॅक्यूम ट्यूब) हळूहळू तांबूस झाले आणि गिटारची केबल लावायच्या आधीच स्पीकरमधून कानठळ्या बसवणारी शिट्टी आली. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी ती थांबेना. माझ्या पहिल्या अँपचं हे असं झालं. सर्किट फेंडर कंपनीच्या चँप या छोट्या अँपचं, मॉडेल ५एफ१. एक १२एएक्स७ (सिग्नल वाढवणारा छोटा व्हॉल्व्ह), एक ६व्ही६ (स्पीकर चालवणारा पॉवर व्हॉल्व्ह), आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर इथेच पुण्याच्या पेठेत गुंडाळून घेतलेला. तीन आठवडे मी दोष भलत्याच ठिकाणी शोधत राहिलो. व्हॉल्व्ह बदलले, कपॅसिटर बदलले, सगळी सोल्डरिंग पुन्हा केली. शेवटी एक रेझिस्टर एका टोकाने सोडवला आणि अँप गप्प झाला.

तो रेझिस्टर निगेटिव्ह फीडबॅकचा होता. तेव्हापासून पुण्यात ज्या ज्या मित्रांनी अँप बांधायला घेतले, त्यांना मी पहिली गोष्ट हीच सांगतो: फीडबॅकचा रेझिस्टर आधी लावूच नका. अँप त्याच्याशिवाय नीट वाजू द्या, मगच तो जोडा आणि काय बदलतं ते ऐका. पुढचे सगळे टप्पे याच एका गोष्टीवर उभे आहेत.

आधी थोडं समजून घ्या

स्पीकरकडे जाणाऱ्या सिग्नलचा छोटा हिस्सा मागच्या स्टेजकडे परत पाठवायचा, आणि तोही असा की तो मूळ सिग्नलला विरोध करेल. एवढाच हा प्रकार. बेल लॅब्जमधल्या हॅरॉल्ड ब्लॅक यांना ही कल्पना १९२७ साली फेरीबोटीतून कामावर जाताना सुचली आणि हातातल्या वर्तमानपत्रावरच त्यांनी ती उतरवून काढली. त्यांच्यापुढचा प्रश्न लांब पल्ल्याच्या टेलिफोन लाइनवरच्या अँप्लिफायरचा होता. त्या अँप्लिफायरमध्ये येणारी विकृती त्यांना कमी करायची होती.

गिटार अँपमध्ये फीडबॅकमुळे आवाज थोडा कमी होतो, पण स्वच्छ आणि घट्ट होतो. आउटपुट स्टेजची घरघर कमी होते आणि स्पीकरचा कोन जास्त ताब्यात राहतो.

५एफ१ मध्ये स्पीकरच्या तारेपासून २२ के (किलो-ओहम) चा रेझिस्टर निघतो आणि १२एएक्स७ च्या दुसऱ्या ट्रायोडच्या कॅथोडला जातो (त्या एका काचेत ट्रायोड नावाचे दोन छोटे व्हॉल्व्ह असतात). त्या कॅथोडपासून ग्राउंडला १.५ के आहे. दोन्ही मिळून २३.५ के, म्हणजे स्पीकरवरच्या व्होल्टेजचा साधारण सोळावा हिस्सा कॅथोडवर येतो.

नवख्या माणसाचा गोंधळ इथे होतो, म्हणून दोन वाक्यं जास्त लिहितो. व्हॉल्व्हला कळतो तो ग्रिड (जिथे सिग्नल शिरतो) आणि कॅथोड यांच्यातला फरक. ग्रिड वर जात असताना कॅथोडही वर गेला तर फरक कमी होतो, म्हणून कॅथोडवर परत येणारा सिग्नल ग्रिडच्या त्याच दिशेने हलला तर तो फीडबॅक निगेटिव्ह. उलट दिशेने हलला तर फरक वाढतो, अँप स्वतःलाच भरवत सुटतो आणि शिट्टी मारतो.

लागणारं सामान

- डिजिटल मल्टिमीटर, किमान ६०० व्होल्ट डीसीपर्यंत चालणारा, प्रोबचं प्लास्टिक धड असलेला.
- सिरीज बोर्ड (अँपच्या विजेच्या वाटेत बल्ब येतो असा), ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा फिलामेंट बल्ब लावून. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही.
- १० के, ५ वॅटचा रेझिस्टर, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप लावलेला. कपॅसिटर रिकामे करण्यासाठी.
- ८.२ ओहम, २० वॅट किंवा जास्त क्षमतेचा वायरवाउंड रेझिस्टर. स्पीकरच्या जागी लावायला.
- २२ के, ३३ के, ४७ के, १०० के चे अर्ध्या वॅटचे दोन-दोन रेझिस्टर. ४७ पिकोफॅरड, ५०० व्होल्टचे दोन सिरॅमिक कपॅसिटर.
- १२ व्होल्टचा छोटा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे १२ व्होल्ट एसी देणारा. मोबाइलचा चार्जर डीसी देतो, तो चालणार नाही.
- मोबाइलमध्ये टोन जनरेटरचं कुठलंही ॲप, आणि फोनमधून गिटारच्या जॅकमध्ये जाणारी केबल.
- तुम्ही ज्यावरून बांधलं तो सर्किट डायग्राम, कागदावर छापलेला. त्यावर पेन्सिलने मोजमापं लिहायची आहेत.

बुधवार पेठेत पासोड्या विठोबा आणि तपकीर गल्लीच्या परिसरात यातलं बहुतेक सामान एका फेरीत मिळतं. दुकानात कपॅसिटरला अजूनही ‘कंडेन्सर’ म्हणतात, तोच शब्द वापरा. जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी मोडके व्हॉल्व्ह रेडिओ दिसतात. त्यातून भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने व्हॉल्व्ह आणि सॉकेट मिळू शकतात, पण त्यातले कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर अँपमध्ये लावू नका. ते वाळलेले किंवा गळके असतात.

१. आधी जीव, मग आवाज

या अँपमध्ये ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि तो स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतो. प्रत्येक वेळी आत हात घालण्यापूर्वी हा क्रम पाळा: प्लग सॉकेटमधून काढा, एक मिनिट थांबा, १० के चा रेझिस्टर पहिल्या फिल्टर कपॅसिटरच्या दोन टोकांना लावून पाच-सहा सेकंद धरा, मग मीटरने मोजा. १० व्होल्टच्या खाली दिसल्याशिवाय काहीही शिवू नका. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायची सवय लावून घेऊ नका, त्याने कपॅसिटर आणि डोळे दोन्ही धोक्यात येतात.

चालू अँपमध्ये मोजताना काळा प्रोब क्लिपने चेसिसला लावा आणि एकच हात वापरा. दुसरा खिशात.

पेठेतल्या जुन्या वाड्यात राहत असाल तर आणखी एक. भिंतीवर तीन पिनांचा सॉकेट आहे म्हणजे त्यामागे अर्थिंग आहेच असं नाही. आमच्या वाड्यात वरच्या मोठ्या भोकात तार जोडलेलीच नव्हती. गिटारची तार चेसिसशी जोडलेली असते आणि वाजवणाऱ्याचे हात तारांवर असतात. अँपला पहिल्यांदा वीज देण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि अँपचं चेसिस अर्थ पिनला पक्कं बोल्ट करा.

२. फीडबॅक सोडवा आणि अँप धडधाकट करा

फीडबॅक रेझिस्टरचं स्पीकर-जॅककडचं टोक सोडवा. मोकळं टोक कशाला लागणार नाही असं स्लीव्हमध्ये घाला.

आता सिरीज बोर्डावर अँप लावा. बल्ब आधी लख्ख पेटून मग मंद झाला पाहिजे. लख्खच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे आणि फीडबॅकचा प्रश्न नंतरचा. बल्ब मंद झाला की अँप थेट मेन्सवर घ्या, कारण सिरीज बोर्डावर सगळे व्होल्टेज कमी असतात आणि त्या अवस्थेत काढलेला निष्कर्ष चुकतो.

स्पीकर जोडलेलाच असू द्या. स्पीकर किंवा डमी लोडशिवाय (स्पीकरच्या जागी लावायचा ८.२ ओहम) व्हॉल्व्ह अँप वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

कागदावर हे लिहा: ६व्ही६ च्या कॅथोडवरचा डीसी (४७० ओहमवर माझ्याकडे २० व्होल्टच्या आसपास आला), १२एएक्स७ च्या दोन्ही कॅथोडवरचा डीसी (दीड व्होल्टच्या आसपास), दोन्ही प्लेटवरचा (जिथून वाढलेला सिग्नल बाहेर पडतो) डीसी. मग गिटार लावून वाजवा. फीडबॅकशिवाय अँप जास्त मोठा, थोडा सैल आणि लवकर फाटणारा वाजेल, घरघरही जरा जास्त असेल. ते ठीक आहे. पण या अवस्थेतही शिट्टी, फटफट किंवा गुदमरलेला आवाज येत असेल तर दोष फीडबॅकमध्ये नाही. तो दुसरीकडे शोधा: ग्रिडची आणि प्लेटची तार शेजारीशेजारी गेली आहे का, फिल्टर कपॅसिटर उलटा लागला आहे का, कुठे ड्राय सोल्डर (वरून धड दिसणारा, पण आत न चिकटलेला जोड) आहे का.

हा टप्पा पार पडल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी घालवलेले तीन आठवडे इथे वाचले असते.

३. ट्रान्सफॉर्मरची दिशा टेबलावरच ठरवा

गुंडाळून घेतलेल्या ट्रान्सफॉर्मरवर तारांचे रंग म्हणजे वाइंडरच्या हाताला त्या दिवशी जी तार लागली ती. डायग्राममधला निळा-लाल-काळा-हिरवा तिथे लागू होईलच असं नाही. नवा करून घेत असाल तर आधीच सांगा, “काका, दोन्ही वाइंडिंगची सुरुवात वेगळ्या रंगाच्या स्लीव्हने दाखवा.” नीट काम करणारा वाइंडर आनंदाने करून देतो.

तसं नसेल तर ही चाचणी करा. ट्रान्सफॉर्मर अजून सर्किटमध्ये जोडलेला नसावा.

(अ) प्रायमरीला (व्हॉल्व्हकडच्या वाइंडिंगला) १२ व्होल्ट एसी द्या. नेमकं किती आलं ते मोजून लिहा, समजा १२.०.

(आ) सेकंडरीवर (स्पीकरकडच्या वाइंडिंगवर) मोजा. ५,००० ओहम ते ८ ओहम ट्रान्सफॉर्मरचं गुणोत्तर २५ ला १ असतं (५,००० भागिले ८ म्हणजे ६२५, त्याचं वर्गमूळ २५). म्हणजे साधारण ०.४८ व्होल्ट दिसेल.

(इ) एसी काढून प्रायमरीचं एक टोक सेकंडरीच्या एका टोकाला क्लिपने जोडा. पुन्हा एसी द्या आणि उरलेल्या दोन मोकळ्या टोकांमध्ये मोजा.

(ई) ११.५ च्या आसपास आलं तर जोडलेली दोन टोकं सारख्या दिशेची. १२.५ च्या आसपास आलं तर उलट दिशेची. फरक छोटा आहे आणि मेन्स वरखाली होत असते, म्हणून दोन-तीनदा मोजा.

५एफ१ मध्ये सारख्या दिशेच्या दोन टोकांपैकी प्रायमरीचं बी-प्लसला (मुख्य डीसी पुरवठ्याला) आणि सेकंडरीचं ग्राउंडला गेलं पाहिजे. उरलेली दोन टोकं म्हणजे ६व्ही६ ची प्लेट आणि स्पीकरची गरम (म्हणजे ग्राउंड नसलेली) तार. याचं कारण असं: दुसऱ्या ट्रायोडचा ग्रिड वर गेला की त्याची प्लेट खाली जाते, म्हणून ६व्ही६ चा ग्रिड खाली आणि ६व्ही६ ची प्लेट वर. प्लेटच्या दिशेनेच स्पीकरची तार हलली तर कॅथोडवर येणारा सिग्नल ग्रिडच्याच दिशेचा, म्हणजे निगेटिव्ह.

चाचणीची क्लिप काढायला विसरू नका. प्रायमरी-सेकंडरी जोडलेली राहिली तर स्पीकरच्या जॅकवर ३०० व्होल्ट येऊ शकतात.

४. जोडा आणि ऐका

ट्रान्सफॉर्मर आधीच बसवलेला असेल तर टप्पा ३ सोडून थेट इथे या.

२२ के ऐवजी आधी १०० के लावा. फीडबॅक हलका राहतो, त्यामुळे दिशा चुकली असली तरी अँप किंचाळत नाही आणि तुम्हाला शांतपणे तुलना करता येते. रेझिस्टरचं टोक जोडण्यासाठी प्रत्येक वेळी अँप बंद करा, कपॅसिटर रिकामे करा. तात्पुरता छोटा स्विच मधे घातला तर काम फारच सोपं होतं: चेसिसबाहेर लोंबणाऱ्या दोन तारा आणि त्यांच्या टोकाला स्विच. ही तार स्पीकरच्या बाजूची असल्याने तिथे व्होल्टेज थोडेच असते.

मोबाइलवरून ४०० हर्ट्झचा टोन द्या, बेताच्या आवाजात. स्विच दाबा.

- आवाज कमी झाला: दिशा बरोबर. आता २२ के लावा आणि पुन्हा ऐका, फरक आणखी स्पष्ट व्हायला हवा.
- आवाज वाढला किंवा शिट्टी आली: दिशा उलटी. टप्पा ५.
- काहीच बदललं नाही: आधी २२ के लावून बघा, कारण १०० के चा फरक कानाला जेमतेम कळतो. तरीही तेच असेल तर टप्पा ६.

फीडबॅक जोडल्यावर दुसऱ्या ट्रायोडच्या कॅथोडवरचा डीसी किंचित उतरतो. घाबरू नका. २२ के हा सेकंडरीतून ग्राउंडला जातो, त्यामुळे तो १.५ के ला समांतर येतो आणि दोन्ही मिळून १.४ के होतात.

५. आवाज वाढतो, शिट्टी येते

उलट्या दिशेची ओळख अशी की शिट्टी व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही जात नाही. ५एफ१ मध्ये फीडबॅकचा लूप व्हॉल्यूम कंट्रोलच्या पुढे आहे, त्यामुळे व्हॉल्यूमचा त्याच्याशी संबंध येत नाही. शिट्टी व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त होत असेल तर बहुधा तारांच्या मांडणीचा दोष आहे.

उपाय ट्रान्सफॉर्मरवर अवलंबून आहे.

सेकंडरीला दोनच टोकं असतील तर त्या दोघांची अदलाबदल करा. जी ग्राउंडला होती ती जॅकच्या टिपला, आणि उलट. सेकंडरीला ०-४-८-१६ असे टॅप (वेगवेगळ्या ओहमच्या स्पीकरसाठी काढलेल्या तारा) असतील तर शून्याचं टोक ग्राउंडलाच राहू द्या आणि प्रायमरीच्या तारा बदला. पुश-पुल अँपमध्ये (जिथे पॉवर व्हॉल्व्ह जोडीने काम करतात) दोन प्लेटच्या तारा बदलायच्या, मधला बी-प्लस तसाच. ट्रान्सफॉर्मर अल्ट्रालिनियर (पॉवर व्हॉल्व्हच्या स्क्रीनसाठी प्रायमरीवर वेगळे टॅप असलेला) असेल तर स्क्रीनचे दोन टॅपही सोबत बदलायला लागतात.

यातला सगळ्यात मोठा सापळा: स्पीकरच्या दोन तारा बदलून काहीही होत नाही. फीडबॅक जॅकवरून घेतलेला असतो, स्पीकरवरून नाही. माझ्या एका मित्राने स्पीकरच्या तारा चार वेळा उलटसुलट केल्या आणि ‘दिशा तपासून झाली’ असं समजून व्हॉल्व्हच्या मागे लागला.

६. काहीच फरक पडत नाही

रेझिस्टर जोडला काय आणि काढला काय, आवाज तोच. या क्रमाने बघा:

कॅथोडच्या १.५ के वर कपॅसिटर लावलाय का? सर्वाधिक वेळा हीच चूक असते. ६व्ही६ च्या कॅथोडवर २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बघून माणूस दुसऱ्या ट्रायोडच्या कॅथोडवरही सवयीने लावतो. तो कपॅसिटर फीडबॅकचा सिग्नल सरळ ग्राउंडला नेतो. ५एफ१ मध्ये दुसऱ्या ट्रायोडच्या कॅथोडवर कपॅसिटर नसण्याचं कारण हेच आहे.

सेकंडरीचं एक टोक खरंच ग्राउंडला आहे का? स्पीकर तर दोन तारांवर सुखाने वाजतो, ग्राउंड नसलं तरी. पण फीडबॅकला परतीची वाट मिळत नाही. प्लास्टिकचा जॅक चेसिसपासून वेगळा राहतो, तिथे हे हमखास घडतं.

रेझिस्टरचे रंग. लाल-लाल-नारंगी म्हणजे २२ के, लाल-लाल-पिवळा म्हणजे २२० के. ट्यूबलाइटच्या उजेडात नारंगी आणि पिवळा सारखेच दिसतात. पाच पट्ट्यांच्या मेटल फिल्म रेझिस्टरवर वाचन वेगळं असतं. लावण्याआधी प्रत्येक रेझिस्टर मीटरने मोजा.

शेवटी ड्राय सोल्डर. अँप बंद, कपॅसिटर रिकामे, मग जॅकच्या टिपपासून कॅथोडपर्यंत ओहम मोजा. १.४ के च्या जवळ आलं पाहिजे, कारण सेकंडरीतून १.५ के समांतर येतो. पूर्ण १.५ के दिसलं तर २२ के चा जोड सुटलेला आहे.

७. शिट्टी नाही, पण आवाज गुदमरलेला

हा बिघाड फसवा आहे. दिशा बरोबर, आवाजही कमी होतो, पण स्वर वाजवला की त्याच्या मागे खरखर चिकटलेली असते, किंवा अँप दमल्यासारखा वाजतो आणि ६व्ही६ नेहमीपेक्षा जास्त तापतो. अशा वेळी अँप कानाला न ऐकू येणाऱ्या वरच्या फ्रीक्वेन्सीवर ऑसिलेट करत, म्हणजे स्वतःच सतत सिग्नल तयार करत, असू शकतो.

कारण आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये आहे. खूप वरच्या फ्रीक्वेन्सीला त्यातून सिग्नल उशिरा बाहेर पडतो, दिशा फिरत जाते, आणि खाली निगेटिव्ह असलेला फीडबॅक तिथे पॉझिटिव्ह होतो. प्रायमरी आणि सेकंडरी थरांनी एकमेकांत न गुंफता एकावर एक गुंडाळलेल्या साध्या ट्रान्सफॉर्मरमध्ये हे लवकर घडतं.

ऑसिलोस्कोप नसला तरी दोन परीक्षा आहेत. पहिली: गिटार काढा, व्हॉल्यूम शून्य, ६व्ही६ च्या कॅथोडवरचा डीसी बघत फीडबॅकचा स्विच चालू-बंद करा. सिग्नल नसताना तो व्होल्टेज हलायचं काही कारण नाही. हलला तर आत काहीतरी चालू आहे. दुसरी: मीडियम वेव्हचा रेडिओ अँपजवळ ठेवा, आकाशवाणी पुण्याच्या ७९२ किलोहर्ट्झच्या थोडं बाजूला रिकाम्या जागी लावा, आणि फीडबॅक चालू केल्यावर रेडिओत गुणगुण किंवा चरचर उमटते का ते ऐका.

उपाय, मी ज्या क्रमाने करतो त्या क्रमाने: फीडबॅकची तार इनपुटपासून आणि प्लेटच्या तारांपासून दूर, चेसिसच्या तळाला चिकटवून न्या. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या तारा एकमेकींना पीळ देऊन आखूड करा. ६व्ही६ च्या ग्रिडच्या पिनवरच १.५ के चा रेझिस्टर लावा, अगदी सॉकेटवर. पुश-पुलमध्ये फेज इन्व्हर्टरच्या (पॉवर व्हॉल्व्हच्या जोडीला उलटसुलट सिग्नल देणाऱ्या स्टेजच्या) दोन प्लेटमध्ये ४७ पिकोफॅरड लावा, फेंडर आणि मार्शलच्या अनेक अँपमध्ये तो असतोच. इतकं करूनही थांबलं नाही तर फीडबॅक कमी करा: २२ के च्या जागी ३३ के, मग ४७ के. साध्या ट्रान्सफॉर्मरला जास्त फीडबॅक झेपत नाही, हे मान्य करून पुढे जावं.

८. फट-फट-फट

मोटारबोटीसारखा संथ ठोका आला आणि फीडबॅक काढल्यावर थांबला, तर दोष खालच्या फ्रीक्वेन्सीला आहे. प्रत्येक कपलिंग कपॅसिटर (एका स्टेजचा सिग्नल पुढच्या स्टेजला नेणारा) आणि ट्रान्सफॉर्मर मिळून तिथेही दिशा फिरवतात. लूपच्या आतला कपलिंग कपॅसिटर डायग्राममध्ये सांगितला आहे त्यापेक्षा मोठा किंवा लहान लावलाय का, ते बघा. फीडबॅक काढूनही ठोका चालूच राहिला तर बहुधा फिल्टर कपॅसिटर वाळलेला आहे.

९. फीडबॅक जोडला की घरघर वाढते

व्हायला उलटं पाहिजे. घरघर वाढत असेल तर ग्राउंडची वाट चुकली आहे. स्पीकरचा जॅक चेसिसला एका कोपऱ्यात, १.५ के चं ग्राउंड दुसऱ्या कोपऱ्यात, आणि मधल्या चेसिसमधून पॉवर ट्रान्सफॉर्मरचा प्रवाह वाहतोय. त्या अंतरावरचा थोडासा व्होल्टेज फीडबॅकमधून आत शिरतो. सेकंडरीच्या ग्राउंडची जाड तार थेट मुख्य ग्राउंडवर न्या आणि जॅक चेसिसपासून वॉशरने वेगळा करा. घरघर ५० हर्ट्झची असेल तर हीटरच्या तारांकडेही बघा. १०० हर्ट्झची असेल तर ती रेक्टिफायरनंतरच्या फिल्टरिंगची.

१०. किती फीडबॅक आहे ते मोजा

स्पीकरच्या जागी ८.२ ओहम लावा. ४०० हर्ट्झचा टोन द्या. साध्या मीटरचं एसी मोजमाप त्याच्या बरंच वर गेलं की भरवशाचं राहत नाही, म्हणून एक किलोहर्ट्झ वापरू नका. फीडबॅक काढून आउटपुट ३ व्होल्ट येईल इतका व्हॉल्यूम ठेवा (एक वॉटच्या आसपास, अँप अजून स्वच्छ असतो). व्हॉल्यूमला हात न लावता फीडबॅक जोडा. माझ्याकडे १.७ आले. ३ भागिले १.७ म्हणजे १.७६, म्हणजे ५ डीबीच्या जवळ. आउटपुट निम्मं झालं तर ६ डीबी. गिटार अँपसाठी एवढा फीडबॅक पुष्कळ आहे.

टॅप बदलला की हिशोब बदलतो, आणि दुसऱ्याच्या डायग्राममधली किंमत उचलताना हे हमखास विसरलं जातं. व्होल्टेज ओहमच्या वर्गमूळाप्रमाणे वाढतो: १६ ओहमच्या टॅपवर ४ ओहमच्या दुप्पट. डायग्राममध्ये २२ के ४ ओहमच्या टॅपवरून असेल आणि तुम्ही १६ वरून घेत असाल तर रेझिस्टर साधारण दुप्पट, म्हणजे ४७ के लावा. ८ वरून घेतलात तर दीडपटीच्या जवळ, ३३ के.

११. पुश-पुल, प्रेझेन्स आणि आवडीनिवडी

फेंडर बासमन ५एफ६-ए आणि त्यावरून आलेल्या मार्शलमध्ये फीडबॅक फेज इन्व्हर्टरच्या शेपटीत (कॅथोडखालच्या रेझिस्टरमध्ये) जातो आणि तिथेच प्रेझेन्सचा कंट्रोल असतो. प्रेझेन्स वाढवला की ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर फीडबॅकमधला वरचा भाग ग्राउंडला टाकतो, तिथे विरोध कमी होतो आणि आवाजाला धार येते. म्हणून प्रेझेन्स फिरवून काहीच बदलत नसेल तर तो कंट्रोल बदलण्याआधी फीडबॅक चालू आहे का ते बघा, टप्पा ६ मधली यादी घेऊन. बासमनच्या पद्धतीत या कंट्रोलमधून डीसी जातो, त्यामुळे फिरवताना येणारी खरखर हा बिघाड धरू नका.

फीडबॅक हवाच असंही नाही. व्हॉक्स एसी३० मध्ये असा आउटपुटपासूनचा फीडबॅक नाही, फेंडरच्या ५ई३ डिलक्समध्येही नाही, आणि लोक त्या आवाजासाठीच ते अँप शोधतात. मला स्वतःला स्वच्छ आवाजावर हलका फीडबॅक आवडतो, आणि ब्लूज वाजवताना तो काढलेला. म्हणून माझ्या अँपच्या मागे २२ के च्या सिरीजमध्ये १०० के चा पॉट बसवला आहे. फिक्स २२ के ठेवणं आवश्यक आहे, नाहीतर पॉट शून्यावर गेला की आउटपुट थेट कॅथोडला जोडला जातो.

सगळं जमलं की चेसिसच्या आतल्या बाजूला पर्मनंट मार्करने लिहून ठेवा: कोणता टॅप, किती के, सेकंडरीचं कोणतं टोक ग्राउंडला, आणि ६व्ही६ च्या कॅथोडवर किती व्होल्ट. व्हॉल्व्ह बदलायची वेळ दोन-तीन वर्षांनी येईल, तेव्हा छापलेला डायग्राम सापडेलच असं नाही.